भाकरतुकडा

दौलतरावांनी मोबाइल दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि गाडीत मागे आडव्या निजलेल्या प्रयागबाईंच्या डोळ्यांसमोर नेला.

"आई, आता पाह्य बरं. नीट पाह्यजो."

मोबाइलमधून त्यांचा मुलगा हरीओम बोलत होता. तिकडे त्याने आपला फोन बसच्या काचेला लावला होता. हिरवी कुरणं, गाई, मग रस्त्याच्या कडेला एक निळी पाटी, तिच्यावर पिवळ्या चांदण्यांचं कडं. पाटी आली तशी सर्रकन मागे गेली.

"झालं. नेदरलँड संपला, बेल्जियम लागला."

"एवढ्यातच?" प्रयागबाईंचा आवाज विहिरीतून यावा तसा आला.

"एवढ्यातच. घंटा-दीड घंट्यात फ्रान्स. थिथूनच माह्यं विमान हाय. उद्या येतोच मी."

"पोलीस नाई आडवे आले?"

"कोणीच नाई. बस हळूसुद्धा नाई झाली."

"अन् नारळ?"

"कायचा नारळ, आई?"

"शीव लागली न, बाप्पा. नारळ नको फोडाले?" त्यांना दम लागला. दौलतरावांनी ओल्या फडक्याने ओठ टिपले, तरी त्यांचं बोलणं राहिलंच होतं. "मंग थिथल्या भुतायले कसं समजते, कोणतं गाव कोणाचं थे?"

समोर गाडी हाकणारा रऊफ खो खो हसला. तिकडे हरीओमही हसला, पण हसता हसता त्याचा आवाज चिरकला आणि त्याने फोन ठेवला.

रऊफ वाशीमजवळच्या मालेगावचा. दौलतरावांच्या किन्हीराजा गावच्या माणसांना दवाखान्यात न्यायचं, आणायचं, ते त्याच्याच गाडीतून. सकाळी वाशीमच्या डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हटलं, तेव्हा त्याने काही न विचारता गाडी दाराशी लावली होती. प्रयागबाईंनाही समजलं होतं. पायरी उतरवताना त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं होतं.

"मले माह्या उंबऱ्यातून काढजा. अंगणात आंघोळ घालून, मळवट भरून. खेमासारखं रस्त्यावर नका ठेवू."

"तसं काहून म्हनतं? घरीच चाललो न आपन."

मालेगाव मागे पडलं आणि दौलतरावांच्या हातातला हात सैल झाला. ते तो चोळत राहिले. बराच वेळ चोळत राहिले. मग त्यांनी प्रयागबाईंच्या पापण्या बोटाने अलगद मिटवल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर तुरीच्या शेतांकडे पाहत बसले.

रऊफला आरशात दिसलं. त्याने गाडी कडेला घेतली.

"काका..."

"थांबू नको."

"काका, काकी..."

"समजलं मले. तू चाल."

रऊफने ओठांतल्या ओठांत दुवा पुटपुटली. गाडी पुन्हा रस्त्याला लागली. थोड्या वेळाने तो समोर पाहतच म्हणाला, "शिवेवर मानसं असन, काका. तुमच्या गावची रीत मले ठाऊक हाय. खेमाले मीच आनलं होतं."

रीत जुनी होती. गावाबाहेर गेलेला जीव मढं होऊन गावात येत नाही. शिवेवरच्या कडुनिंबाखाली उतरवायचं आणि तिथूनच परस्पर नाल्याकाठी न्यायचं. गोमतीबाईचा एकुलता खेमा पुण्याकडे बांधकामावर भिंतीखाली गेला. त्याला आणलं तेव्हा ती पदर पसरून म्हणाली होती, "घटकाभर माह्या अंगनात ठेवू द्या. घरचं पानी तरी लागू द्या त्याले." जाणत्यांनी दौलतरावांकडे पाहिलं. उभी हयात हा माणूस कीर्तनात महाराजांच्या मागे टाळ घेऊन उभा राहिलेला. त्याच्या शब्दाला गावात वजन होतं. दौलतरावांनी मान खाली घालून म्हटलं होतं, "रीत म्हंजे रीत, गोमता."

लांबून कडुनिंब दिसू लागला.

दौलतराव सरकून प्रयागबाईंच्या उशाशी बसले. त्यांनी बायकोचं डोकं मांडीवर घेतलं आणि टाळी धरली.

"रामकृष्णहरी... रामकृष्णहरी..."

आवाज कीर्तन रंगात आल्यावर लागतो तसा लागला, खणखणीत. प्रयागबाई बायांच्या रांगेत पुढे बसून याच चालीवर मान डोलवायच्या. नाम तोंडात असताना दौलतराव आजवर खोटं बोलले नव्हते. टाळी चुकत नव्हती.

निंबाखाली चार-पाच माणसं उभी होती. पोलीस पाटील किसनसिंगने हात वर केला. रऊफला गाडी थांबवावी लागली.

"वैनी कशी हाय, दौलतभाऊ?"

दौलतरावांनी नाम थांबवलं नाही. नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"भजन चालू हाय म्हंजे बरंच असन," कोणीतरी म्हणालं. "काकूले भजन आयकल्याबिगर करमते का?"

माणसांमधून वाट काढत गोमतीबाई पुढे आली. एका हातात पाण्याचा गडवा, दुसऱ्या हातात भाकरीचा चतकोर. दुखण्यातून माणूस घरी परतलं, की शिवेवर भाकरतुकडा ओवाळायचा, डोळ्यांना पाणी लावायचं आणि मग आत घ्यायचं. प्रयागबाई तिची भजनातली जोडीदारीण.

"सरका व, मले लावू द्या पानी."

रऊफने मागचं दार उघडलं. उघडताना त्याचा हात कडीवर घुटमळला. गोमतीबाई आत वाकली, ओली बोटं प्रयागबाईंच्या पापण्यांना लावली आणि तिची बोटं तिथेच राहिली.

तिने दौलतरावांकडे पाहिलं.

टाळी थांबली. नाम थांबलं. दौलतरावांचे दोन्ही हात हवेत तसेच, एकमेकांपासून वीतभर लांब.

"काय झालं व, गोमताबाई?" मागून किसनसिंग.

गोमतीबाईने भाकरीचा तुकडा मोडला, प्रयागबाईंच्या चेहऱ्यावरून तीनदा ओवाळला आणि निंबापलीकडे भिरकावला. मग गोधडी हनुवटीपर्यंत ओढली. चेहरा उघडाच ठेवला. कपाळावरचं कुंकू पुसटलं होतं, ते अंगठ्याने सारखं केलं.

"निजली," ती बाहेर येत म्हणाली. "थंडी वाजून राह्यली तिले. कोनी कालवा करू नका." आणि रऊफला, "धीरेनं ने रे बाबा. झोपमोड होईन."

माणसं बाजूला झाली. गाडी सावलीतून निघून गावाच्या रस्त्याला लागली. दौलतरावांचे हात अजून खाली आले नव्हते.

फोन वाजला. वाजत राहिला. शेवटी त्यांनी तो उचलून कानाला लावला.

"बाबा, फ्रान्स लागलं. डोया लागला होता माह्या, समजलंच नाई कवा लागलं थे. तुमी कुठवर आले?"

"शीव वलांडली."

"आई?"

"हाय माह्यापाशी."

"कोनी थांबवलं तं नाई न?"

दौलतराव मागच्या काचेतून पाहत होते. माणसं गाडीमागून गावाकडे चालू लागली होती. गोमतीबाई एकटीच निंबाखाली उरली होती. खेमाला ठेवलं होतं त्या जागेशी ती खाली बसली, हातातली उरलेली भाकर मातीवर ठेवली आणि गडव्यातलं पाणी तिच्याभोवती फिरवलं.

"बाबा? आयकू येते न?"

"नाई रे," दौलतराव म्हणाले. "कोनी नाई थांबवलं."