वयाचा रकाना

चष्मा नाकावर नीट बसवून तिने प्रसूतिगृहाच्या फॉर्मवर वयाच्या रकान्यात छत्तीस लिहिलं. खरं वय बेचाळीस. कोपऱ्यावरचं ते छोटं प्रसूतिगृह चाळिशी ओलांडलेल्या पहिलटकरणीला ठेवून घेत नसे, थेट मोठ्या इस्पितळात पाठवत असे. तिला मात्र बाळंत व्हायचं होतं ते तिथेच, जिथे ती स्वतः जन्मली होती.

लग्नानंतर सतरा वर्षांनी दिवस गेले होते. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी न घाबरवता सगळं सांगितलं होतं. या वयात रक्तदाब, साखर, बाळातले दोष, गर्भ न टिकणं, सगळ्याचाच धोका वाढतो. पण धडधाकट बाळ घेऊन घरी जाणाऱ्याही पुष्कळ असतात, फक्त डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. तिने त्यातलं पहिलं अर्धं तेवढं घरी आणलं होतं. बाळ जाईल या भीतीने तिला धड झोपही लागत नव्हती.

समोर आई बशीत चहा गार करत बसली होती.

"किती लिहिलंस?"

"छत्तीस. दिसते तेवढीच."

खरं तर वयाच्या बाबतीत तिला कोणी फसवू शकत नसे. चष्म्याच्या दुकानात तिची वीस वर्षं गेली होती. गिऱ्हाईक कागद किती लांब धरतं यावरून ती वय ओळखायची, आणि वय चोरणाऱ्या बायकांना हसत हसत पकडायची. आईला जवळचं वाचायचा चष्मा मात्र तिच्या आठवणीत पहिल्यापासूनच होता. शाळेच्या मैदानावर पालकांची शर्यत लागली की बाकीच्या आया धावायच्या आणि तिची आई कडेला उभी राहून सगळ्यांच्या चपला सांभाळायची. मी धावले तर बाकीच्यांनी काय करायचं, असं म्हणायची. ते आठवलं की तिला अजूनही तेव्हासारखं घरी जावंसं वाटे, आणि घरातच तर ती बसलेली असे.

आईने बशी खाली ठेवली.

"मीही तुझ्या वेळी तिथे एकतीस सांगितलं होतं."

"होतीसच की एकतीसची."

"एक्केचाळीस."

मग आई सावकाश बोलत राहिली. तेव्हाही तिथे हाच नियम होता. अंगाने बारीक, केस काळेभोर, कुणाला संशय आला नाही. पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, तर नर्स म्हणाली, तरुण आहेस, होतं असं. कुणी फारसं तपासलं नाही. मुलगी झाली आणि आईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिला मोठ्या इस्पितळात हलवलं. शुद्धीवर आली ती तिसऱ्या दिवशी. मुलीला पहिले आठ दिवस शेजारच्या खाटेवरच्या बाईने पाजलं.

"नंतर तरी सांगायचंस."

"शाळेत तुला आजी घ्यायला आली म्हणाले असते. आणि खोटं एकदा लिहिलं की त्याचे वाढदिवसही करावे लागतात, बाई."

तिने छत्तीस खोडलं आणि बाजूला बेचाळीस लिहिलं. मग तो फॉर्मच घडी करून ठेवला. उद्या मोठ्या इस्पितळात जायचं ठरलं. कित्येक दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला. एक्केचाळिसाव्या वर्षी झालेली मुलगी ती स्वतःच होती, आणि हाडापेराने चांगली होती.

गेले तीन महिने ती मनात एक हिशेब करत होती. आई त्र्याहत्तरची. बाळ शाळेत जाईल तेव्हा अठ्ठ्याहत्तरची. हातात हात धरून सोडायला जाईल. आता त्यात दहा मिळवायचे होते. मिळवताना तिला रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

आईने ते पाहिलं. गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि तिने कपाट उघडलं. खालच्या खणात लहान लहान कपड्यांच्या घड्या होत्या, तळहाताएवढ्या झबल्यापासून चढत्या मापाने रचलेल्या.

"सात वर्षांपर्यंतचे शिवून झालेत," आई म्हणाली. "कापड आत दुमडून ठेवलंय. बाळ उंच निघालं तर तेवढं उसवून घे."