सरळ बघणारा सिद्धू

सिद्धूची पावलं वाढायला लागली तेव्हा त्याच्या बायकोने, सुलाबाईने, आधी वहाणा शिवणाऱ्याला शिव्या घातल्या. दर वर्षी वहाणा लहान होतात म्हणजे मेला कातडं वाचवतो, असं तिचं म्हणणं. मग नवऱ्याची अंगठी बोटात रुतून बसली आणि सोनाराकडून कापून घ्यावी लागली, तेव्हा तिने सोनारालाही सोडलं नाही. पण शिव्या द्यायला माणसं तरी किती शोधायची? चाळिशी ओलांडलेला गडी, आणि मिसरूड फुटलेल्या पोरासारखा वाढत होता. उंचीने नव्हे, हातापायांनी, जबड्याने, कपाळाने. आवाज तर इतका खोल गेला की तो मेंढरांना हाकारायला लागला की शेजारच्या वस्तीवरची कुत्री गप्प व्हायची.

आटपाडीकडच्या माळावरची ही धनगरांची वस्ती. तिथे या वाढीला एकच नाव होतं: बिरोबाची कृपा. देवळाचा म्हातारा पुजारी गुंडाआबा म्हणाला, "द्येव अंगात मावंना झालाय त्येच्या." झालं! यात्रेत हुईक सांगायचा, म्हणजे पुढच्या सालचं पाऊसपाणी आणि रोगराई देवाच्या तोंडून सांगायचा मान सिद्धूकडे आला. भंडाऱ्याने माखलेला तो धिप्पाड माणूस गर्दीपुढे उभा राहिला की ना इकडे बघायचा ना तिकडे. नजर सरळ समोर, आणि डोळ्यांतून पाण्याची धार. "द्येवाच्या मानसाची नजर ढळत न्हाई," आबा सांगायचा. लोक त्या थोरल्या पावलांवर डोकं टेकवायचे.

सुलाबाईलाही अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोला. पण घरातच देव नांदायला आला की बायकोचे हाल कुत्रं खात नाही. ती शेजारी बसून भाकरीचं ताट पुढे सरकवायची, हा समोरच बघत बसायचा. हाताने खुणावलं तरी ढिम्म. "लय मोटं झालं आता, आमच्याकडं कशाला बगत्यात," असं मनात म्हणत ती गाल फुगवून बसायची. तो रुसवा काढणं लांबच राहिलं, तिने रुसवा धरलाय याचाच त्याला पत्ता नसायचा.

दिवाळी झाली आणि दोघं नेहमीप्रमाणे मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरली. कुंडलच्या शिवारात ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची. लेंडीखत शेतकऱ्याला, पाला मेंढरांना. एके सकाळी रस्ता ओलांडताना सिद्धू पुढे होता, मध्ये कळप, मागे सुलाबाई. उसाच्या गाड्यांची नुसती रांग लागलेली, प्रत्येकीवरची गाणी वेगळी, कुठला आवाज कुठून येतोय ते समजू नये असा गोंगाट. डावीकडून एक ट्रॅक्टर आला आणि सिद्धू सरळ त्याच्यापुढे चालत गेला. चालकाने करकचून ब्रेक दाबला, पण दोन कोकरं चाकाखाली गेलीच.

"डोळं गहान टाकलंस काय रं?" चालक ओरडला.

"कवा आला ह्यो?" सिद्धू म्हणाला. तो भ्याला होता. सुलाबाईने त्याला भ्यालेला कधी पाहिलाच नव्हता.

कळप रानात घालून तिने नवऱ्याला बांधावर बसवलं. त्याच्या मागे उभी राहिली आणि आपली काठी त्याच्या कानाजवळून हळूहळू पुढे आणायला लागली. "दिसली की सांगा." काठी कानाशी आली, गालाशी आली, डोळ्याच्या कोपऱ्याच्याही पुढे गेली. "आवं, सांगा की!" "आनलीस कुटं अजून?" तो म्हणाला. जवळजवळ नाकासमोर आल्यावर त्याला काठी दिसली. दुसऱ्या बाजूनेही तेच. इतकी वर्षं ती बाजूला बसून रुसत होती, आणि या माणसाला बाजूच नव्हती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की ती बराच वेळ काठी चाचपत उभी राहिली.

आपल्या भावाला बोलावून तिने मेंढरं त्याच्या हवाली केली आणि ती सिद्धूला घेऊन सांगलीला आली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं. आत ठिपका चमकला की बटण दाबायचं. कडेचे ठिपके चमकून विझून गेले, बटण काही वाजलं नाही. मग बाईंनी त्याच्या आधार कार्डावरचा फोटो पाहिला आणि विचारलं, "हे यांचे धाकटे भाऊ का?"

"भाऊ कशाचा! त्येच हायती," सुलाबाई म्हणाली.

बाई गंभीर झाल्या. डोक्याचा फोटो काढायला लावला, आणि तो आल्यावर दोघांना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. माणसाच्या वाढीचा रस ती सोडते. सिद्धूच्या त्या ग्रंथीत गाठ झाली होती आणि रस थांबतच नव्हता. म्हणून हात वाढले, पाय वाढले, जीभसुद्धा वाढली. बाईंनी त्याच्या पापणीच्या बाहेरच्या टोकाला अलगद बोट लावलं. "इथे अश्रू बनवणारी ग्रंथी असते. तीही सुजल्यासारखी मोठी झालीय. हे पाणी त्यामुळेच येत असणार."

"आसवांचं घरबी वाडलं?" सुलाबाई थक्क झाली.

"तेही वाढलं. आणि दोन्ही डोळ्यांच्या नसा त्या गाठीच्या अगदी वर एकमेकींना छेदतात. दोन्ही बाजूंचं दाखवणारे धागे नेमके तिथे दबलेत."

सुलाबाई त्या काळ्यापांढऱ्या फोटोकडे बघत राहिली. चिमटीत मावेल एवढी ती गोष्ट. त्या एवढ्याशा गोष्टीने हाडं वाढवली, आवाज बदलला, डोळे भरले, दोन्हीकडचा माळ पुसून टाकला आणि तालुकाभरच्या लोकांना एका मेंढक्याच्या पायावर आणून घातलं. सुलाबाईच्या अंगावर काटा आला. देवळात येतो तसाच.

गाठ नाकातून काढायची होती, मिरजेच्या दवाखान्यात. नजर परत येईलच, अशी हमी बाईंनी दिली नाही. थांबलो तर उरलेलीही जाईल, हे मात्र स्पष्ट सांगितलं. गुंडाआबाचा फोन आला. "नाकातनं द्येव काडून घ्याया निगालास व्हय रं सिद्धू?" तेवढ्याने सिद्धू खचला. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसून राहिला. उठेचना.

"गाठ गेली अन् द्येवबी गेला तर? मग मी कोन, सुले?"

सुलाबाई आधी रागावणार होती. पण त्याचा तो मोठा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. ती त्याच्या समोर, बरोबर नाकासमोर येऊन बसली.

"आवं, द्येवाला ऱ्हायाला आख्खा माळ पडलाय. तुमच्या नाकामागं आडचनीत कशाला बसंल त्यो? अन् बसलाच आसंल, तर त्येला म्हनावं, जरा सरक बाबा, मानसाला दिसंना झालंय."

सिद्धू हसला. किती दिवसांनी हसला! आणि उठला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या सकाळी तिला आत सोडलं. नाकात बोळे, ओठ सुकलेले, नजर समोरच्या भिंतीवर. ती पाय न वाजवता त्याच्या उजव्या हाताला येऊन बसली. विचारायची तिची छाती होईना. डोळे गेले असतील तर कळेलच की, आत्ताच कशाला? आतापर्यंत एक टिपूस न गाळलेल्या बाईला तिथे रडू आलं, आणि तिने तोंडात पदर कोंबला.

"रडतीयास कशाला गं?" सिद्धू म्हणाला.

तिने पाहिलं. त्याची मान हलली नव्हती. नजर तशीच भिंतीवर होती.

ती उठली. त्याच्या उशामागून, भिंतीला चिकटून, चोरासारखी पलंगाच्या डाव्या बाजूला गेली आणि श्वास रोखून उभी राहिली.

"तिकडंबी दिसतीयास, सुले," भिंतीकडेच बघत तो म्हणाला. "बस की आता एका जागी."