राख कुणाच्या अंगणात पडली

मी एक कॅसेट बोलतेय. खरं म्हणजे माझा स्वतःचा असा आवाज नाही. माझ्या पोटात आहे तो एउफेलियाचा. सगळं खोरं तिला तिया फेली म्हणायचं. तिया म्हणजे मावशी, आत्या, काकू, तुम्हाला जी हवी ती.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा वाटलं होतं, माझ्यात गाणी भरतील. माझ्याबरोबरच्या बहिणींना तेच नशीब लाभलं. त्या लग्नांत वाजल्या, नाचांत वाजल्या. मला मात्र एलॉय नावाच्या शाळामास्तरानं विकत घेतलं, खिशात टाकलं आणि थेट फेलीच्या स्वयंपाकघरात नेलं.

तिथं भिंतीवर लाल मिरच्यांची माळ होती आणि शेगडीवर घेवड्याच्या दाण्यांचं पातेलं रटरटत होतं. एलॉयनं यंत्र टेबलावर ठेवलं, मला आत बसवलं आणि कळ दाबली. म्हणून माझ्यात पहिलं बोलणं भरलं ते हे:

"आधी जेव, एलॉय. मग विचार."

"तिया, मी जेवूनच आलोय."

"कुणाच्या हातचं? तुझ्या बायकोच्या? मग ते जेवण नव्हे, तो उपास झाला. बस खाली."

एलॉय मुकाट्यानं बसला. त्याच्या चमच्याचा आवाजही माझ्यात आहे.

तो युद्धातल्या दिवसांबद्दल विचारायला आला होता. त्या काळात खोऱ्याच्या वरच्या पठारावर कुंपण पडलं, दूरदूरचे शास्त्रज्ञ येऊन राहिले आणि त्यांच्या घरची धुणीभांडी करायला खालच्या गावांतल्या बायकांना रोज सकाळी बस न्यायला लागली. गावातली माणसं त्या जागेला नुसतं 'वर' म्हणत. वर काय शिजतंय, हे त्या बायकांना कुणी सांगितलं नाही. तिथं पहिला अणुबाँब घडत होता.

फेलीला बोलायला फार आवडायचं. कुणाच्या घरात किती पसारा, कुठल्या साहेबाला अंडं उकडता येत नव्हतं, सगळं ती हसत, हात आपटत सांगायची. पण कुणाचंही नाव घ्यायची वेळ आली की ती तोंड बाजूला वळवायची आणि कुजबुजायची.

"तिया, हळू का बोलता? युद्ध संपून चाळीस वर्षं होत आली," एलॉय म्हणाला.

"फाटकावरच्या शिपायानं मला बजावलं होतं, कुठलंही नाव खाली घेऊन जायचं नाही. आता घेतलं तरी चालेल, हे सांगायला अजून कुणी आलेलं नाही."

एलॉय हसला. मला वाटतं, ती थट्टा करत नव्हती. जिभेला एकदा वळण लागलं की ते लवकर सुटत नाही.

मग एलॉयनं त्या पहाटेबद्दल विचारलं. तो बाँब दूर दक्षिणेला, वाळवंटात, पहिल्यांदा फोडून पाहिला, ती पहाट. फेलीनं हातातला चमचा खाली ठेवला. नुसतं पातेलं रटरटत होतं. मग ती तोंड वळवून अगदी हळू म्हणाली:

"हे मी पाहिलेलं नाही हं. मी त्या पहाटे इथंच होते, बसची वाट बघत. हे झेनाइदाचं आहे, माझ्या भावजयीचं. तिचं लग्न व्हायचं होतं, ती तिकडं दक्षिणेला आईपाशी होती. तिनं एकदाच सांगितलं, तेही मला एकटीला. तिचं तिच्या नावावर ठेव, एलॉय. आता तिनं सांगितलं ते जसंच्या तसं सांगते."

आणि मग नेहमीच्या खणखणीत आवाजात तिनं सुरुवात केली. "पहाटे मी अंगणात होते. एकाएकी एवढा उजेड पडला की कोंबड्यांच्या पिसांवरच्या रेघासुद्धा दिसल्या. मग पुन्हा अंधार. दिवस वर आल्यावर आकाशातून पांढरं काहीतरी पडायला लागलं. आई म्हणाली, जुलै महिन्यात बर्फ? तिनं ते तळहातावर घेतलं. ते गार नव्हतं. दोरीवरचे कपडे मी झटकले आणि पुन्हा धुतले. पाणी घेतलं ते हौदातलंच, छपरावरून उतरलेलं. गावात सांगितलं गेलं, दारूगोळ्याचं कोठार उडालं. आम्ही म्हटलं, असेल."

एवढं सांगून फेली थांबली. मग तिनं त्याला आणखी एक पोळी वाढली.

घरी गेल्यावर एलॉयनं माझ्या अंगावर दोनच शब्द लिहिले: 'तिया फेली'. आडनाव नाही, गाव नाही. खोऱ्यात लिहायची गरजच नव्हती. त्यानंतर मी त्याच्या कपाटात पडून राहिले. फेली गेली. पुढं एलॉयही गेला. माणसं एकमेकांचं बोलणं जपून ठेवतात खरी, पण पुन्हा ऐकायला त्यांना वेळ मिळत नाही, हे मी कपाटात राहून शिकले.

एलॉयच्या बायकोनं एक दिवस मला खोक्यात घालून वरच्या छोट्या संग्रहालयात नेऊन दिलं. म्हणजे फेलीचा आवाज पुन्हा वर गेला, या खेपेला शिपायानं न अडवता.

तिथल्या प्रमुख मिस प्रुइट. त्या बाँबच्या सुरुवातीच्या दिवसांचं एक प्रदर्शन मांडत होत्या. बाई उंच, सावकाश बोलणाऱ्या आणि एका बाबतीत फार कडक होत्या. प्रत्येक फोटोखाली, प्रत्येक वस्तूखाली, ती कुणी दिली, कुणी टिपली, कुणी सांगितली, हे असलंच पाहिजे. "नाव नसेल तर ती चोरी. मग वरची काच कितीही चकचकीत पुसा," असं त्या म्हणायच्या. त्यांनी एलॉयच्या बायकोला विचारून फेलीचं पूर्ण नाव मिळवलं, तिच्या मुलांची लेखी परवानगी घेतली, एलॉयचंही नाव घातलं. मला खूप बरं वाटलं.

चूक झाली ती दुसरीकडेच. माझ्यावरचा आवाज संगणकात उतरवणारा गॅरेट नावाचा माणूस म्हणाला, "मिस, मधेमधे नुसती घरघर आहे. काहीतरी रटरटतंय. बाई स्पष्ट बोलते तेवढं ठेवतो, बाकीचं पुसून टाकतो."

"पुसा. लोकांना नीट ऐकू आलं पाहिजे," मिस प्रुइट म्हणाल्या.

संगणकाला कुजबुज आणि पातेलं यांतला फरक कळला नाही. त्यानं दोन्ही पुसलं. राहिला तो खणखणीत आवाज: पहाटे मी अंगणात होते.

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण कुणी कळ दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही. काम झाल्यावर मला 'प्रत झाली, टाकून द्या' असं लिहिलेल्या खोक्यात ठेवलं. खोकं प्रदर्शनाच्या दालनामागच्या खोलीत होतं आणि मधली भिंत पातळ होती.

उद्घाटनाला खोऱ्यातले पुष्कळ लोक आले. झेनाइदाही आली. आता ती नव्वदीच्या पुढं गेली होती. तिची मुलगी मार्सेला तिची चाकांची खुर्ची ढकलत होती. मार्सेलानं तिच्या कानांवर फेलीचा आवाज ऐकायचं प्रदर्शनातलं यंत्र लावलं. भिंतीपलीकडून मला फक्त दोघींचे आवाज आले. पहिला झेनाइदाचा.

"कोण बोलतंय हे?"

"फेली आत्या, आई. ओळखलं नाहीस?"

"ओळखलं की. त्या पहाटे ती खाली गावात बसची वाट बघत होती. तिला म्हणावं, माझ्या आईच्या अंगणातनं बाहेर हो."

"आई, हळू. लोक बघतायत."

"बघू देत. मी एकीलाच सांगितलं होतं, तर तिनं ते स्वतःच्या नावावर करून घेतलं! आणि इथं सोन्याच्या अक्षरांत लिहिलंयसुद्धा!"

अक्षरं साधी काळीच होती, हे मला नंतर कळलं. पण तिला दिसली तशी तिनं सांगितली.

काही दिवसांनी मार्सेला एकटीच आली. तिनं मिस प्रुइटना सगळं सांगितलं. आकाशातून ती पांढरी राख पडल्यानंतर तीन वर्षांत झेनाइदाची आई गेली. कशानं, ते कुणी लिहून दिलं नाही. झेनाइदाला त्याबद्दल बोलवत नसे. बोलली ती फक्त फेलीपाशी, कारण फेली नणंद कमी आणि मैत्रीण जास्त होती.

"दरवर्षी फेली आत्याच्या कबरीसाठी आई स्वतः कागदाची फुलं करते. यंदा कागद समोर ठेवले तर म्हणाली, चोरांना फुलं वाहायची नसतात," मार्सेला म्हणाली. "ती भांडते तेव्हा मला काळजी नसते. आता ती गप्प बसलीय. या वयात असं मनात घेऊन ती जायला नको. तो आवाज तिथून काढून टाका ना."

मिस प्रुइट म्हणाल्या, "काढायला सोपं आहे. पण मूळ ऐकल्याशिवाय मी नाव लावतही नाही आणि... नाही, लावलं. लावलंच की मी. मूळ मी ऐकलंच नाही."

त्या मागच्या खोलीत आल्या, चांगल्या कपड्यांनिशी जमिनीवर बसल्या आणि खोकी उपसायला लागल्या. माझ्या आधी त्यांच्या हाती पन्नास तरी कॅसेटी लागल्या असतील. एकेक बाजूला पडत होती आणि माझा जीव फितीत गोळा झाला होता. शेवटी त्यांनी मला उचललं, धूळ झटकली आणि वाचलं, "तिया फेली."

पण संग्रहालयातलं यंत्र फिती खायला लागलं होतं. नुकतीच एक त्यानं चघळून टाकली होती.

"माझ्या पिकअप गाडीतलं चालतं. वडिलांची गाणी अजून त्यावरच ऐकते मी," मार्सेला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी झेनाइदाला आणलं. यायला ती तयार नव्हती. "त्या बाईचा आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही," असं गाडीत बसेपर्यंत म्हणत होती. संग्रहालयासमोरच्या वाहनतळावर तिघी पिकअपच्या पुढच्या बाकावर दाटीवाटीनं बसल्या. मार्सेलानं इंजिन बंद केलं, काचा वर केल्या आणि मला आत सरकवलं. माझी फीत इतक्या वर्षांत कोरडी झाली होती. मी मनात म्हटलं, तुटायचं तर ते वाक्य झाल्यावर तूट.

आधी एलॉयचा उपास झाला. झेनाइदाच्या ओठांचा कोपरा हलला, पण ती हसली नाही. मग साहेबाचं अंडं. मग पातेलं रटरटलं आणि मार्सेलानं आवाज मोठा केला.

"हे मी पाहिलेलं नाही हं... हे झेनाइदाचं आहे... तिचं तिच्या नावावर ठेव, एलॉय."

झेनाइदा यंत्राकडं झुकली.

"पुन्हा लाव," झेनाइदा म्हणाली.

मार्सेलानं मला मागं फिरवलं. पुन्हा ऐकलं. आणखी कितीदा तरी ऐकलं. मग झेनाइदानं रुमालानं डोळे पुसले आणि समोरच्या यंत्राकडं बोट रोखलं. "कोमाद्रे, माझे सखे, अगं भवाने! एवढं मोठं तोंड दिलं होतं देवानं, जत्रेत ओरडलीस तर दुसऱ्या गावाला ऐकू जायचं. आणि माझं नाव तेवढं कुजबुजलीस?"

"चूक त्यांची नाही, माझी आहे," मिस प्रुइट म्हणाल्या. "ती कुजबुज आम्ही पुसली. मला माफ करा. उद्याच तुमचं नाव घालते."

"माझं? मी काय केलं? मी नुसतं बघितलं." झेनाइदानं मान हलवली. "राख आईच्या अंगणात पडली. तळहातावर तिनं घेतली. आईचं नाव घाला. रेफुहिया अरागोन. फेलीला ते ठाऊक नव्हतं, मी कधी सांगितलंच नाही."

मिस प्रुइटनी ते हातावरच लिहून घेतलं आणि तिला वाचून दाखवलं.

"आणि फेलीचं नाव काढून टाकू नका हं," झेनाइदा म्हणाली. "सांगितलं तर तिनंच. माझ्याच्यानं ते कधी झालं नसतं. मार्सेला, खाली जाताना बाजारात थांब. रंगीत कागद घ्यायचेत."

आता दालनात त्या आवाजाखाली चार नावं आहेत. सोसलं कुणी, पाहिलं कुणी, सांगितलं कुणी, विचारलं कुणी. कुजबुजही परत घातली आहे, पातेल्यासकट. ऐकणाऱ्यांना कान टवकारावे लागतात. लागू देत.

आणि मी? मला आता थंड खोलीत, मऊ कागदात ठेवलं आहे. पुन्हा मला वाजवणार नाहीत म्हणतात, कारण त्या कुजबुजीच्या जागी माझी फीत पारदर्शक होत आली आहे. त्या दिवशी पिकअपमध्ये तेवढंच वाक्य फार वेळा ऐकलं गेलं. मला त्याचं दुःख नाही. कॅसेट कुठंतरी झिजणारच. मी एका नावाशी झिजले.

तुम्हाला एवढंच सांगते. दुसऱ्याचं दुःख जरूर सांगा. न सांगितलं तर ते कपाटातच राहतं. पण सांगण्याआधी माणूस ज्या क्षणी त्याचं नाव घेतो, तो क्षण घरघर समजून पुसू नका. अंगणातली राख कधीच वाऱ्यावर गेली. रेफुहियाचं आता नावच तेवढं उरलं आहे.