पहिला रिपोर्ट

मंद्रूपच्या आसपास कुठेही गाय माजावर आली की आमच्या ह्यांना फोन येतो. महिपती गाय भरवून गेला की ती गाभण राहिलीच म्हणून समजा, असं लोक म्हणतात. जातिवंत वळूचं वीर्य भरलेल्या कांड्या नायट्रोजनच्या गारढोण डब्यात घालून हे मोटारसायकलवर गावोगाव फिरतात. अशा माणसाच्या घरात पाळणा हलत नाही म्हटल्यावर खोट कुणात? माझ्यातच. ते ठरवायला कुणाला तपासणी लागली नाही.

तपासण्या तरीही माझ्याच झाल्या. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त बघितलं, गर्भनळ्या बघितल्या आणि सांगितलं, "चेतना, तुझ्यात काही दोष नाही. आता नवऱ्याला आण." घरी येऊन हे सासूबाईंना, म्हणजे आत्यांना सांगितलं की त्या म्हणायच्या, "डाक्टरला काय कळतंय?" कुणाच्या बारशाला निघाल्या की मला घरी ठेवायच्या. हे शेजारीच बसलेले असायचे, पण तोंडातून चकार शब्द काढायचे नाहीत. आत्यांच्या बोलण्यापेक्षा मला ह्यांच्या गप्प बसण्याचा राग जास्त होता.

शेवटी मी करमाळ्याला माहेरी जायला पिशवी भरली, तेव्हा हे तपासणीला तयार झाले. दवाखान्यात नमुना द्यायची लाज वाटली, म्हणून घरूनच बाटली घेऊन गेले. तिथं आता हे सगळं कॉम्प्युटर मोजतो. शुक्रजंतू किती, त्यातले सरळ पुढे पळतात किती, जागच्या जागी वळवळतात किती. रिपोर्ट आला. संख्या भरपूर होती, पण हालचाल जवळजवळ नव्हतीच.

ह्यांनी तो कागद आईपुढे ठेवला आणि भिंतीला टेकून लहान पोरासारखे रडले. "आये, खोट माझ्यात हाय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी आत्या मला म्हणाल्या, "जेवलीस का गं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग शेजारच्या सिद्धम्माच्या नातवाच्या बारशाला त्या मला हाताला धरून घेऊन गेल्या आणि सगळ्या बायकांसमोर ते बाळ माझ्या मांडीवर दिलं. खोटं कशाला बोलू? घरात नवरा खचून बसला होता आणि मला सुख वाटत होतं.

थोड्याच दिवसांत डॉक्टरीणबाईंचा फोन माझ्या मोबाईलवर आला. "हा रिपोर्ट मला पटत नाही. एवढे जंतू आहेत आणि कुणीच हलत नाही? नमुना आणला कसा होता?"

मी बघितलं होतं. "थर्मासात बर्फ घालून, बाई. त्यांच्या कांड्या गारच ठेवाव्या लागत्यात. ऊन लई होतं, म्हणून."

"अगं, माणसाचा नमुना गार करायचा नसतो! अंगाच्या उबेत आणायचा असतो. त्यांना परत यायला सांग."

फोन ठेवला आणि मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. आता हे फक्त मला माहीत होतं. दुसरा रिपोर्ट चांगला आला की आत्यांचं "जेवलीस का" संपलं, बारसं संपलं, खोट पुन्हा माझ्या पदरात. बाहेर ह्यांचा मोबाईल वाजत होता आणि हे उचलत नव्हते. कुणाची तरी गाय माजावर आली असेल, पण ह्यांना आता त्या कामाचीच लाज वाटायला लागली होती. गप्प बसून माणसाला मारता येतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी बाहेर जाऊन ह्यांना सांगून टाकलं.

या वेळी बाटली रुमालात गुंडाळून मी पोटाशी धरली आणि ह्यांच्या मागे गाडीवर बसले. आत्यांना बाजाराला जातो म्हणून सांगितलं होतं. सोलापूर येईपर्यंत मनात म्हणत होते, देवा, चांगला निघू दे. आणि लगेच म्हणत होते, नको निघू दे.

बाईंनी आम्हाला पडदा दाखवला. जंतू भराभर पळत होते, आणि प्रत्येकाच्या मागे कॉम्प्युटर रेघ ओढत होता. बाई म्हणाल्या, "आकडे चांगले आहेत. आकडे चांगले म्हणजे मूल होईलच असं कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. पण तुम्हा दोघांतही दोष नाही, एवढं नक्की. धीर धरा."

दवाखान्याबाहेर आल्यावर मीच म्हणाले, "आत्यांना फोन लावा. त्यांचा जीव भांड्यात पडंल."

ह्यांनी फोन काढला नाही. रिपोर्टाची घडी करून माझ्या हातात दिली. "हे तुझ्यापाशी ठेव. घरात दावू नगंस. आयेला पहिलाच रिपोर्ट ठावं असू दे."

"आन् लोक तुमाला काय म्हणतील?"

"म्हणू देत की. तुला इतकी वर्सं म्हणत हुती, ते मी ऐकून घेतलंच न्हवं? आता माझं ऐकतो."

मला ह्यांचा इतका राग आला आणि इतकं बरं वाटलं, की मी तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडले.