दोन काचांमधला कण

वरच्या ऑपरेशन थिएटरातून डबी आली, तेव्हा पातळराव हातमोजे घालून तयार होता. हे काम आज दुसऱ्या कुणाला देऊ या का, असं डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं. तो नको म्हणाला. डबीवरच्या क्रमांकाची पेशंट त्याची धाकटी बहीण होती, आणि ह्या प्रयोगशाळेत तपासणीच्या तुकड्याचा त्याच्याइतका पातळ काप कुणालाच काढता येत नव्हता. त्यावरूनच त्याचं हे नाव पडलं होतं. अंगानं तो चांगला गलेलठ्ठ होता.

बहीण बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. घरी आलीस तरी स्थानक बंद होत नाही, म्हणून तो तिला चिडवायचा. तीन आठवड्यांपूर्वी ती बोलता बोलता शब्दांवर अडायला लागली, उजव्या हातातून कप निसटायला लागले. स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला खेटून, लिंबाएवढी गाठ दिसली.

सर्जननं पातळरावला बसवून सगळं समजावलं होतं. घातक ट्यूमर निघाला तर जमेल तेवढा काढावा लागेल, मग त्यात तिची वाचा गेली तरी नाइलाज. पण कधी कधी नुसती सूजही ट्यूमरचं हुबेहूब सोंग घेते. गाठीभोवतीचं पांढरं कडं एका बाजूला तुटलेलं होतं, म्हणून त्यांना शंका होती. सूज असेल तर कवटी बंद करायची आणि औषधं द्यायची. तिचं डोकं उघडं असतानाच ह्या तपासणीवर ते ठरणार होतं.

डबीत दोनच कण होते. त्यातला मोठा त्यानं गोठवायला घेतला. तुकडा क्षणात गोठवायचा असतो. रेंगाळलं की आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फाटतात. वीस वर्षं तो नव्या लोकांना हे दरडावून सांगत आला होता. पण आज त्याच्यानं तुकडा झटकन ठेववेना. झोपलेल्या लेकराला कुशीवर वळवावं तसा त्यानं तो हळूच ठेवला, थोडा सरळ केला. व्हायचं ते तेवढ्यात होऊन गेलं.

"नुसती जाळी झालीय," बाई सूक्ष्मदर्शकातून डोकं न काढता म्हणाल्या. "ह्यावरून मला काहीच सांगता येणार नाही."

वरून फोन आला. आणखी तुकडा मागता आला असता, पण तो बोलण्याच्या जागेजवळूनच खरवडावा लागला असता. बाईंनी पाच मिनिटं मागून घेतली.

"तुम्ही तिला जपताय," त्या त्याला म्हणाल्या. "आज जपू नका. रोजच्यासारखं काम करा."

उरलेला कण त्यानं न गोठवता थेट काचेवर ठेवला, वर दुसरी काच ठेवून अंगठ्यानं दाबली आणि सर्रकन ओढली. जन्मात त्यानं बहिणीवर हात उगारला नव्हता. मग रंग, पाणी, पुन्हा रंग.

बाई बराच वेळ पाहत राहिल्या. ट्यूमरच्या वेड्यावाकड्या पेशी कुठे नव्हत्या. चरबी खाऊन टम्म फुगलेल्या गोल पेशी होत्या. मज्जातंतूंवरचं आवरण झडतं, तेव्हा ते साफ करायला ह्या येतात.

"ट्यूमर नाही. सूज आहे," बाई म्हणाल्या आणि फोन त्याच्यापुढे धरला. त्यानं तो हातानंच परत सारला, म्हणून शेवटी त्यांनीच वर कळवलं. तो स्टुलावर बसून हमसून हमसून रडला.

संध्याकाळी तो तिच्या खाटेशी गेला. हे दुखणं पुन्हा उलटू शकतं आणि सगळे शब्द परततील अशी खात्री नाही, हे सर्जननं त्याला आधीच सांगितलं होतं. पट्टीखालून ती त्याच्याकडे पाहत होती. एकेक शब्द जुळवायला तिला फार वेळ लागला.

"दादा, डोक्यात... भुसाच... निघाला ना?"

"तोही फार नव्हता गं. मला पुरवून पुरवून वापरावा लागला."

ती ओठाच्या एका कोपऱ्यानं हसली.

दुसऱ्या दिवशी त्यानं गोठवलेल्या कणाचा उरलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवला आणि वर क्रमांक घातला. तो आपल्या खणात वेगळा ठेवावा, असं त्याला फार वाटलं. मग त्यानं ठोकळ्यांचं कपाट उघडलं आणि क्रमांक पाहून दोन परक्या माणसांच्या मध्ये तो ठोकळा लावून टाकला.