पाठमोरी जोडी

"काका, निघा ना," ट्रेनर बाई दुसऱ्यांदा म्हणाल्या.

गाडी हलली नाही. काकांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते, पाय तयारीत होता, नजर समोर होती. ड्रायव्हरचं जे जे जागेवर असायला हवं ते सगळं होतं. गाडी मात्र डेपोच्या सरावाच्या मैदानात, रंगवलेल्या खोट्या स्टॉपवर, ढिम्म उभी. विजेवर चालणारी नवी कोरी गाडी ती. उभी असताना इतकी गप्प, की चालू आहे की बंद हे कळायला दिव्याकडे बघावं लागे.

"दार लागलंय, रस्ता मोकळा आहे. आता काय अडलंय?"

"बेल नाही झाली," तो म्हणाला.

म्हणाला आणि त्याचं त्यालाच कळलं. तो कानापर्यंत लाल झाला. मागच्या सीटांवर आपापल्या पाळीची वाट बघत बसलेले बाकीचे ड्रायव्हर असे हसले, की मैदानापलीकडे गाड्या पुसणाऱ्यांनी माना वर केल्या.

"कसली बेल?" बाईंनी विचारलं. वयाने त्या त्याच्या मुलीएवढ्या असतील. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"मॅडम, जुन्या गाडीत कंडक्टर असायचा," मागून एकाने हसू आवरत सांगितलं. "त्याने एकदा दोरी ओढली की थांबायचं आणि दोनदा ओढली की निघायचं. हे डबल बेलची वाट बघतायत."

"पण या गाडीत कंडक्टर नाही."

"तेच तर ना!"

डेपोत त्याला सगळे सावकाश म्हणत. सावकाशने जन्मात कुणाला धक्का लावला नाही आणि जन्मात कुणाला वेळेवर पोचवलं नाही, अशी त्याची ख्याती होती. यातला दुसरा भाग खोटा होता, पण तो कधी भांडत बसला नाही. आजही बसला नाही. पुढच्या स्टॉपवर तो सुरेख थांबला आणि पुन्हा तसाच बसून राहिला. त्याच्या पुढच्याही स्टॉपवर तेच. थांबण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं; घोडं अडत होतं ते निघण्यात. हसणारेही कंटाळून गप्प झाले आणि तो गप्पपणा त्याला हसण्याहून जास्त लागला.

बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. खाली उतरल्यावर त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, परवा परीक्षेची अजून एक संधी देते. मात्र ती शेवटची. तेव्हाही नाही जमलं तर साहेब तुम्हाला धुलाईला टाकतील. माझ्या हातात काही नाही राहणार."

धुलाई म्हणजे गाड्या धुण्याचं काम. हातात रबरी नळी, पायात बूट आणि दिवसभर रिकाम्या गाड्या. काम हलकं म्हणून त्याला वाईट वाटलं असतं असं नाही. त्याला घाबरवलं ते त्या 'रिकाम्या' शब्दाने. बायको गेल्यापासून घर त्याला खायला उठायचं. मुलगी लांबच्या गावी, रविवारी फोन करायची, "बाबा, जेवलात का?" विचारायची, तो हो म्हणायचा आणि विषय संपायचा. मध्यंतरी मोरीतला नळ ठिबकत होता. तो त्याने दुरुस्त केला आणि मग पस्तावला, कारण त्यानंतर घरात काहीच आवाज राहिला नाही. गाडीवर मात्र पाठीमागे माणसं असायची. खोकणारी, भांडणारी, घोरणारी. त्यांतलं कुणी त्याच्याशी बोलायचं नाही, पण असायची.

डेपोतून निघताना तो मागच्या आवारात गेला. भंगारात काढलेल्या जुन्या गाड्या तिथे रांगेने उभ्या होत्या. त्याची गाडी शेवटून दुसरी. सीटा काढून झाल्या होत्या, समोरची काच गेली होती. राखणदार म्हणाला, "आत जाऊन बघायचंय का? उद्या कापायला घेणार आहेत."

"नको," सावकाश म्हणाला आणि तसाच चालत कंडक्टरच्या घराकडे निघाला.

हा कंडक्टर म्हणजे त्याचा जोडीदार. गर्दी असो नसो, "पुढे सरका, पुढे सरका" हा त्याचा जप. म्हणून त्याचं नावच सरका पडलं होतं. जुन्या गाड्या गेल्या तशा कंडक्टरच्या जागाही गेल्या आणि निवृत्तीला थोडी वर्षं उरलेल्यांना लवकर घरी पाठवण्यात आलं. सरका गेल्या महिन्यापासून घरीच होता. इतकी वर्षं दोघं एका गाडीवर होते, पण सावकाश त्याच्या घरी एकदाच गेला होता, सरकाच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी, आणि तेव्हा जेवून लगेच ड्युटीवर पळाला होता.

दार सरकाच्या बायकोने उघडलं. "अगंबाई, भावजी! या या. बरं झालं आलात. घरात नुसते येरझाऱ्या घालतायत हे. परवा मी ओट्याशी उभी होते, तर मला म्हणतात कसे, पुढे सरका!"

"सवय आहे," आतून सरका म्हणाला.

दोघं समोरासमोर बसले. चहा आला. बिस्किटं आली. सावकाशच्या लक्षात आलं की सरकाचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा बारीक आहे. हे त्याला आजवर माहीत नव्हतं. सरकाही त्याच्या तोंडाकडे असा बघत होता, जसा कुणी चुकीच्या घरात शिरल्यावर बघेल.

"गुडघे काय म्हणतात?"

"आहेत."

"हं."

"डेपो?"

"आहे."

चहा संपला. सावकाशला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. तो उगाच कप फिरवत राहिला.

"अहो, बोला की दोघं काहीतरी!" वहिनी वैतागल्या. "जन्मभर एका गाडीत होतात ना?"

"होतो," सरका म्हणाला. "पण हा पुढे, मी मागे."

मग तो गुडघ्यांवर हात टेकत उठला. सावकाशला म्हणाला, "ऊठ. खुर्ची तिकडे खिडकीकडे फिरव. पाठ कर माझ्याकडे." सावकाशने निमूटपणे खुर्ची फिरवली. सरकाने आपली खुर्ची ओढत त्याच्या मागे आणून ठेवली. वहिनींनी कपाळावर हात मारला आणि कपबशा घेऊन आत गेल्या.

खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत कुणीतरी गॅलरीतले कपडे काढत होतं. सावकाशने तिकडे बघितलं, आणि त्याला एकदम मोकळं वाटलं.

"नापास झालो रे," तो म्हणाला.

"कळलं. अख्ख्या डेपोने फोन करून सांगितलं."

"हसलास?"

"आधी हसलो. खूप हसलो. मग नाही हसू आलं."

"पाय उचलतच नाही बघ. दार लागतं, सगळं ठीक असतं, पण मी आपला बसलेलो. वेड लागल्यासारखा. परवा पुन्हा परीक्षा आहे. तेव्हाही असंच झालं तर धुलाई."

सरकाने खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाला, "तुझी बायको गेली, त्यानंतर तू कामावर आलास तो दिवस आठवतो तुला?"

"हो."

"पोस्टाच्या स्टॉपवर लोक चढले. मी दोरीला हात घातला आणि बघितलं तर तुझे खांदे हलत होते. तुला वाटलं असेल, पाठीमागून कुणाला काय दिसतंय. मी दोरी सोडून दिली. लोक ओरडायला लागले. मी म्हटलं, तिकिटं संपलीत, नवा गठ्ठा काढतोय, जरा दम धरा. तुझे खांदे थांबले, मग बेल दिली."

"मला वाटलं होतं, गर्दी आहे."

"गर्दी कुठली! भर दुपारी?"

"कधी बोलला नाहीस."

"केव्हा बोलणार? तू कधी मागे वळायचास?"

ते पहिले काही महिने आपल्याला कुणी बघितलं नाही, कुणाला काही कळलं नाही, अशी त्याची पक्की समजूत होती. त्या समजुतीवर त्याने दिवस काढले होते, आणि तिचं त्याला दुःखही होतं. आता कळलं की कुणीतरी सगळं बघत होतं आणि थांबत होतं. त्याला बरं वाटलं आणि त्याच वेळी भयंकर एकटं वाटलं, कारण हे कळलं तेव्हा ते संपलेलं होतं.

"त्याच्यानंतरही," सरका म्हणाला, "मी दाराकडे एकदा बघायचो आणि तुझ्या पाठीकडे एकदा. मगच बेल. आता तुझं तूच बघायचं." त्याने आत हाक मारली, "अगं, ट्रे आण जरा!"

ट्रे आला. तो सावकाशच्या हातात देऊन सरका म्हणाला, "हे स्टेअरिंग. चल. स्टॉप आला, थांब."

सावकाशने पाय दाबला. ट्रे धरून बसलेल्या भावजींकडे बघून वहिनींनी तोंडाला पदर लावला.

"लोक उतरले. लोक चढले. दार लागलं. आरशात बघ, कुणाचा पाय, कुणाची पिशवी अडकली नाही. निघ."

सावकाश बसून राहिला.

"निघ ना."

"तू बेल दे."

"नाही देणार."

"एकदाच दे रे."

"एकदा दिली तर तू थांबशील, गाढवा."

"मग दोनदा दे!"

"अरे, मी परवा तिथे नसणार आहे!" सरकाचा आवाज चढला. "परवाच कशाला, तिथे मी आता कधीच नसणार. तेवढं घाल डोक्यात."

वहिनींचं हसू थांबलं. समोरच्या गॅलरीतली दोरी रिकामी झाली होती. सावकाशच्या तळहाताला घाम सुटून ट्रे ओला झाला. मागे सरका श्वास घेत होता ते ऐकू येत होतं, आणि त्याखेरीज काहीही नव्हतं. सावकाशने मोठ्या कष्टाने, फरशीवरून एखादं कपाट हलवावं तसा, उजवा पाय पुढे सरकवला.

"निघालो," तो म्हणाला.

मागून उत्तर आलं नाही.

"निघालो रे."

"ऐकलं," सरका म्हणाला. आवाज भलताच होता. सावकाश मागे वळला नाही.

दुसऱ्या परीक्षेत तो पास झाला. प्रत्येक स्टॉपवरून निघाला, थोडा उशिरा, पण निघाला. बाईंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "बघा, जमलं की नाही!" बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या दोघातिघांनी टिंग टिंग असा तोंडाने आवाज काढला, तो त्याने कानाआड केला. नोकरी राहिली, स्टेअरिंग राहिलं. त्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता.

नव्या गाडीवर ड्रायव्हरच्या मागे काच होती. माणसं चढायची, यंत्रापुढे कार्ड धरायची आणि कानात गाणी घालून बसायची. खोकणं-भांडणं त्या काचेपलीकडे राहायचं. दारं त्यानेच उघडायची, त्यानेच लावायची. त्यासाठी हाताशी दोन बटणं होती. पहिल्या आठवड्यात कुणीही त्याच्याशी एक अक्षर बोललं नाही, आणि गंमत अशी, की आधीही कुणी बोलत नसे.

मग एका दुपारी सरका गाडीत चढला. हातात काठी होती, अंगात इस्त्रीचा शर्ट. यंत्रापुढे कार्ड धरताना तो जरा गडबडला; मागच्या बाईने त्याला दाखवलं कसं धरायचं ते. मग तो येऊन काचेला लागूनच्या, बरोबर सावकाशच्या पाठीमागच्या सीटवर बसला. काचेवर लिहिलं होतं, चालकाशी बोलू नये. दोघंही बोलले नाहीत.

सावकाशने त्या दिवशी जशी गाडी चालवली तशी त्याने आयुष्यात चालवली नसेल. खड्डा जाणवू दिला नाही, वळण जाणवू दिलं नाही. कुठे जायचं होतं सरकाला, दवाखान्यात, की कुठेच नाही, नुसतं बसायचं होतं, हे त्याला विचारावंसं वाटलं. चार स्टॉप झाले. कुणीतरी मागून पाठीकडे बघत होतं आणि ते पुरेसं होतं. हे असंच शेवटपर्यंत चालावं असं त्याला फार वाटलं.

दवाखान्याच्या स्टॉपवर सरका उठला. नियमाप्रमाणे मधल्या दाराने उतरला. आधी काठी, मग एक पाय, मग दांडा घट्ट धरून दुसरा. सावकाश आरशात बघत होता. सरकाने फुटपाथ गाठला आणि मागे न बघता चालू लागला. इतक्या वर्षांत त्याची पाठ सावकाश पहिल्यांदाच बघत होता. डावा खांदा खाली गेलेला होता. तिकिटांची पिशवी आता नव्हती, पण खांदा तिच्या वजनाने वाकल्यासारखाच होता.

चढणारे चढून झाले होते. दार उघडंच होतं.

"ओ ड्रायव्हर, चला की," मागून कुणीतरी म्हणालं.

सावकाशने दार लावायचं बटण दाबलं.