उंबरठ्यावरची लाल पावलं

फडक्यावर हळदीचं पाणी पडलं आणि गॅलरीत दाटीवाटीनं उभ्या असलेल्या बायकांच्या तोंडून एकदमच निघालं, "अगं बाई!"

लालबागच्या त्या चाळीत, गणपत विणकराच्या खोलीच्या उंबरठ्यावर कुशाबा महाराजांनी पांढरं फडकं अंथरलं होतं. पाणी शिंपडलं तसं फडकं पिवळं झालं, आणि त्या पिवळ्यात दोन लालभडक पावलं उमटली. इवलीशी, पाच-पाच बोटांची, घरात शिरणारी.

"आलं! थोरलं आलं!" महाराजांनी बुबुळं फिरवली. "आईसाठी तळमळतंय! धाकट्याचा हेवा करतंय! ओम ह्रीं फट्!" फट् म्हणताना थुंकीचा शिडकावा पुढच्या बायकांवर झाला, पण एकीनंही तोंड पुसलं नाही. प्रसाद कोण पुसतं? "बाळंत होईपर्यंत हिनं हा उंबरठा ओलांडायचा नाही. ओलांडला, तर थोरलं धाकट्याला घेऊन जाईल!"

झालं. त्या दिवसापासून गणपतची बायको शेवंती आठव्या महिन्याचं पोट घेऊन खोलीत कोंडली गेली. दाराला काळा दोरा, दोऱ्याला लिंबं. खिडकीबाहेर पलीकडच्या चाळीची भिंत. स्टोव्हचा धूर, मोरीचा वास, आणि दर गुरुवारी ती पावलं. नैसर्गिक विधीसुद्धा मोरीतच. पाय सुजले, मग तोंड सुजलं, बांगड्या मनगटात रुतल्या. डोकं तर असं ठणकायचं की शेजारची चूल फुंकल्याचा आवाजही सोसवेना. गणपत? संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात छातीवर लाठी झेलून आलेला गडी! दिल्लीला भीत नव्हता, पण कुशाबापुढं त्याची मांजर व्हायची.

आणि एक गोष्ट शेवंतीनं कुणालाच सांगितली नव्हती. तिला पावलांची भीती वाटायची, हे खरंच. पण ती गुरुवारची वाटही बघायची. दीड वर्षापूर्वी, संचारबंदीच्या दिवसांत, तिचं पहिलं मूल मेलेलंच जन्मलं. सासूनं, गंगुबाईनं, ते लगोलग गुंडाळून नेलं. आईनं बघायचं नसतं, रडायचं नसतं, नाव काढायचं नसतं, अशी रीत. मुलगा होता की मुलगी, हेसुद्धा तिला कुणी सांगितलं नाही. त्या लेकराचं या जगात तिनं काही पाहिलं असेल, तर ती दोन लाल पावलं. ती सोडून कुठं जायचं?

एका गुरुवारी सकाळी गंगुबाईनं पोट चोळायला नायगावच्या सुंदराबाई सुईणीला बोलावलं. शेवंतीचं पहिलं बाळंतपणही तिनंच केलेलं. सुंदराबाई गेल्या वर्षी बौद्ध झाली होती, घरातले देव तिनं समुद्रात सोडले होते. त्यानंतर म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात सुईणींचा वर्ग निघाला, तिथं ती शिकून आली. नखं बारीक कापलेली, हातात पत्र्याची पेटी. आत आली, पोटाला हातच लावला नाही. शेवंतीच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

"डोळ्यांपुढं काजवे येतात का गं?"

"येतात, मावशी."

"गंगुबाई, हिला आत्ताच्या आत्ता परळच्या इस्पितळात न्या. हे माझ्या हातातलं काम नाही. कुठं हात घालायचा नाही, हेच आम्हांला पहिलं शिकवलंय."

"काय बोलतंस गो!" गंगुबाई कडाडली. "उंबरठो ओलांडूचो नाय!"

"आकडीचा झटका आला तर आई जाईल आणि पोरही जाईल!"

"मी नाही येणार," शेवंतीच म्हणाली. "माझं बाळ तिथं बसलंय, मावशी. मी त्याला ओलांडून जाऊ?"

सुंदराबाईनं पेटी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. "बरं. बघू तरी तुझं बाळ."

महाराज आले, गर्दी जमली. झोळीतून फडकं निघालं, तशी सुंदराबाई उठली. "महाराज, विणकराच्या घरात कापडाला काय तोटा? आज यांचं वापरा की." तिनं फळीवरचं कोरं मादरपाट ओढून उंबरठ्यावर पसरलं आणि महाराज हां-हां म्हणेपर्यंत तांब्यातलं हळदीचं पाणी त्यावर ओतलं.

कापड पिवळं झालं. नुसतंच पिवळं.

"विटाळ!" महाराज किंचाळले. "देव बुडवलेल्या बाईची सावली पडली! थोरलं रुसलं!"

बायका मागं सरकल्या. दोघी-तिघींनी पदर सावरले. गणपत मुठी आवळून पुढं आला आणि क्षणभर वाटलं, आता हिला बाहेर काढतात. सुंदराबाईनं महाराजांच्या हातातलं फडकं हिसकलं, शेजारी अंथरलं आणि उरलेलं पाणी शिंपडलं. दोन लाल पावलं टुणकन उमटली.

"का हो, आता माझी सावली कुठं गेली? मी तर इथंच आहे."

गॅलरीत कुणीतरी फिसकन हसलं.

"शेवंती, इकडं ये. दोऱ्याच्या आतच बस, पण नीट बघ. पावलाला मधे केवढी खोबण आहे! अगं, शेकड्यांनी पोरं या हातांवर घेतलीत मी. नुकत्या जन्मलेल्या पोराचा तळवा पोळपाटासारखा सपाट असतो, त्याला खोबण नसते. अशी पावलं आपण बायका कशानं काढतो? गौरी आणताना?"

शेवंतीनं आपल्या हाताकडं पाहिलं. मूठ! वळलेल्या मुठीची कड टेकवायची, वर बोटाच्या टोकानं पाच ठिपके. अख्ख्या चाळीत गौरीची पावलं तीच काढायची.

सुंदराबाईनं मोरीतला धुण्याचा सोडा वाटीत कालवला. "बुडव मूठ. घरच्या कापडावर उमटव."

शेवंतीनं मूठ बुडवून टेकवली, वर पाच ठिपके दिले. पिवळ्या कापडावर लालभडक पाऊल उठलं.

"सोड्याच्या पाण्यानं आधी फडक्यावर पावलं काढायची नि वाळवायची. पांढऱ्यावर पांढरं, कुणाला दिसणार? वर हळद पडली की लाल!" सुंदराबाई गॅलरीकडं वळली. "आणि बायांनो, हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे नळावर रोज बघता ना? मग इथंच डोळे कसे मिटले?"

"अगो बाय माझे," गंगुबाई मटकन खाली बसली. कुशाबा महाराज झोळी आवरून जिन्याकडं निघाले होते. पण जिन्यात गिरणीचे गडी उभे होते, आणि गणपतची मांजर पुन्हा माणूस झाली होती. पुढचं सांगायला नको.

शेवंतीनं तिकडं पाहिलंही नाही. तिला राग आला तो सुंदराबाईचा. "म्हणजे माझ्या बाळाची नव्हती ती? एवढंच तर होतं माझ्याकडं! तेही पुसलंस!" आणि दीड वर्ष आत दाबलेलं रडू फुटलं. गंगुबाई गप्प बस म्हणून धावली.

"रडू द्या तिला," सुंदराबाई म्हणाली. ती शेवंतीजवळ बसली, तिचा सुजलेला हात हातात घेतला. "ऐक पोरी. मुलगी होती. मी पाहिलीय तिला. डोक्यावर काळंभोर जावळ होतं, हनुवटी तुझी होती. तळवे सपाट होते, मऊ. तिला कुण्या भुतानं नेलं नाही आणि ती कुणाला न्यायला येणार नाही. तुझे पाय तेव्हाही असेच सुजले होते, ती त्याच दुखण्यानं गेली. ती सूज मला तेव्हा वाचता येत नव्हती, आता येते. ऊठ."

"मुलगी," शेवंती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली. मग तिनं दोन्ही हातांनी तो काळा दोरा तोडला, लिंबं गडगडली, आणि लाल पावलांवर पाय देऊन ती बाहेर आली. गड्यांनी तिला खुर्चीत बसवून खाली नेलं.

इस्पितळात तिला झटका आला, पण डॉक्टर उशाशी होते. दोन दिवस यमाशी ओढाताण झाली. ती शुद्धीवर आल्यावर नर्सनं तिच्या कुशीत पोर दिलं तेव्हा शेवंतीनं तोंड नंतर पाहिलं, आधी दुपटं सोडून इवला तळवा गालाला लावला. पोळपाटासारखा सपाट होता. तिला हसू आलं आणि रडूही, आणि या वेळी गंगुबाईनं गप्प बस म्हटलं नाही.

तेव्हा बायांनो, बाप्यांनो, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एवढं करा: फडकं आपल्या घरचं घ्या. आणि जिचं लेकरू गेलं, तिला ते बघू द्या, रडू द्या. तिचं दुःख तुम्ही कोंडून ठेवलंत, तर दाराशी कुणी ना कुणी कुशाबा झोळी घेऊन उभा राहणारच.